मळीच्या वाडीचं नाव

साहेब, काकू, आणि इथं जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलता येत न्हाई. आवक-जावकच्या टेबलावर मी इतकी वर्षं बसले ती दुसऱ्यांचं बोलणं टाइप करायला. आज मलाच म्हणतायत, रंगनाथकाकांवर दोन शब्द बोल. काका आपले हेडक्लार्क. सोमवारी, ह्या भिंतीच्या पलीकडं, आपल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आज गुरुवार. खुर्ची तशीच हाय.

सकाळी साहेब म्हणाले, सुनंदाबाई, शोकप्रस्ताव तयार करा. मी कॉम्प्युटरवर 'नमुने' फोल्डर उघडला. आपल्या सगळ्यांचा सामाईक, पण सांभाळायचे एकटे काका. शोकप्रस्तावाचा नमुना उघडला, तर नावाच्या जागी कोरी रेघ न्हाई. गेल्या साली वारलेल्या आपल्या शिपायाचं नाव! कुणीतरी मूळ नमुन्यावरच टाइप केलं आणि तसंच सेव्ह करून टाकलं. काका ह्यालाच भ्यायचे. म्हणायचे, "नमुना कोरा राहू द्या रे बाबांनो. मागल्याचं नाव राहिलं की पुढल्याच्या मानगुटीवर बसतं."

आपण हसायचो. मीबी हसायचे.

आता जे सांगायलेय ते काका सोडून कुणाला ठाऊक न्हाई. धरणातून पाणी सोडायचं झालं की आपल्याकडं निरोप येतो. आपण इशाऱ्याचं पत्र काढून नदीकाठच्या गावांना पाठवतो. पत्राचा नमुना ठरलेला, खाली गावांची यादी. गेल्या पावसाळ्यात एकदा फक्त वरच्या गावांना पत्र द्यायचं होतं. मी घाईघाईनं खालची नावं खोडली आणि मूळ नमुन्यावरच सेव्ह केलं. पुढं नावं परत घातली, पण एक राहिलं. मळीची वाडी. नदीच्या वाकणातली, मोजक्या घरांची.

पुढच्या वेळी पत्र सगळीकडं गेलं. वाडीला गेलं न्हाई.

काकांच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली असायची, हातानं लिहिलेली. प्रत्येक पत्र ते पेन्सिल घेऊन त्या यादीशी ताडायचे. त्या दिवशी ते मीटिंगला जिंतूरला गेलेले. दुपारी आले, पत्र ताडलं, आणि उभ्या उभ्या वाडीला फोन लावला. माणसं जनावरं सोडवून घेऊन वर चढली आणि मागं गोठ्यात पाणी शिरलं. एवढंच अंतर राहिलं होतं.

मी रडायले तर म्हणाले, "सुनंदाताई, चूक तुमची एकटीची न्हाई. मूळ कागदावर हात चालवायची ह्या ऑफिसला खोडच लागलीय."

मग त्यांनी नमुना दुरुस्त करून त्याला पासवर्ड घातला. आपण काय केलं? दर वेळी काकांच्या टेबलापर्यंत कोण जाणार? ज्यानं त्यानं जुनं, दुरुस्तीच्या आधीचं पत्र आपापल्या कॉम्प्युटरवर ठेवून घेतलं. 'इशारा नवीन'. 'इशारा फायनल'. 'इशारा फायनल खरा'. काका म्हणायचे, "एका घरात पाच घड्याळं अन् पाच वेळा. यष्टी कुठल्या घड्याळावर गाठायची?"

पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. आता नीट ऐका.

काल धरणावरून निरोप आला. आज दुपारी पाणी सोडणार. पत्र लगेच गेलं. कुणाच्या 'फायनल'वरून गेलं? मी विचारलं न्हाई. कुणीच विचारलं न्हाई. आज शोकप्रस्तावात ते जुनं नाव दिसलं आणि मला वाडी आठवली. मी कालचं पत्र उघडलं.

वाडीचं नाव न्हाई.

काकू, म्हणून मी मघाशी दारातच तुमच्याकडं काकांच्या कपाटाची किल्ली मागितली. तुमाला वाटलं असेल, काय ही बाई, माणूस जाऊन चार दिवस झाले न्हाईत. मला माफ करा. यादी तिथंच हाय. वाडीचं नाव लाल पेनानं लिहिलेलं, खाली दोन रेघा, पुढं तीन माणसांचे फोन. तिन्ही लावले. रिंग जातेय, कुणी उचलंना. साहेबांनी धरणावर कळवलंय, दारं उघडू नका म्हणून. उत्तर आलं न्हाई. ड्रायव्हर जीप घेऊन वाडीकडं निघालाय, पण त्या रस्त्याचा चिखल तुमाला ठाऊक हाय.

मला लय राग येतो. माझाच येतो. एका माणसाच्या पेन्सिलीवर आपण अख्खी वाडी टांगून ठेवली. अन् त्या माणसाला किरकिऱ्या म्हणायचो. तोंडावर न्हाई, पाठीमागं. काकू, तुमच्यासमोर सांगते, मीबी म्हणायचे.

शोकप्रस्ताव मी नमुन्यावरून केला न्हाई. कोऱ्या कागदावर हातानं लिहिलाय. त्यात एकच नाव हाय.

आता दोन मिनिटं उभं राहू. अशा वेळी फोन बंद ठेवायचा रिवाज हाय. आज ठेवू नका. माझा फोन मी काकांच्या फोटोपुढं ठेवलाय, आवाज मोठा करून. वाजला तर मौन मोडून उचलणार. काका रागावायचे न्हाईत. आणि न्हाईच वाजला, तर दोन मिनिटांनी कुणी खाली बसू नका. ज्याच्याकडं गाडी हाय त्यानं सरळ माझ्याबरोबर वाडीला चला.

काका, नमस्कार करते.

उभे राहा सगळे.