शेवटच्या गोळीची हलगी

मंडळी, बसा, बसा! पुढं सरका! मागच्या खांबाला टेकलेले काका, तुम्हीसुद्धा या – तुम्ही सोडलात म्हणून खांब पडायचा नाही! आज मारुतीरायाच्या दारात उभं राहून तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे.

वाटून खावं, हे पुण्य की पाप? पुण्य! बरोबर! एक तीळ सात जणांनी वाटून खावा, असं आपल्याला पाळण्यात असल्यापासून सांगितलेलं. मग मला सांगा – वाटून खाण्याचं पाप कधी होतं? ...का हो, गप्प झालात? आमच्या पखवाजवाल्या दशरथबुवांना विचारतो. ते म्हणतात, "महाराज, तुमच्या ताटातली पुरणपोळी मी वाटून घेतली की तुमचं तोंड वाकडं होतं, तेच पाप!" बघा! देवळातसुद्धा वैर काढतात! असू द्या. उत्तर मी देत नाही. उत्तर हिंदुराव वस्ताद देईल. ऐका!

कुरणवाडी नावाचं गाव. गावात तालीम. तालमीत लाल मातीचा हौदा – दही, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली माती, नुसता वास आला तरी म्हाताऱ्यानं शड्डू ठोकावा! आणि त्या तालमीचा वस्ताद हिंदुराव. मिशा पांढऱ्या, मान बैलाची, आवाज असा की शेजारच्या गल्लीतल्या बायाबापड्या पदर सावरून उभ्या राहायच्या. या हिंदुरावाचा कायदा एकच. "तालमीत एकट्याचं काही नसतं!" कुणाच्या घरून तूप आलं? सगळ्यांचं! बदाम आले? सगळ्यांचे! थंडाई एका पातेल्यात, दोरीवर सगळ्यांत मिळून एकच टॉवेल. मारुतीच्या कोनाड्याखाली पत्र्याचा एक डबा असायचा, बदामाचा. ज्याला जे मिळेल ते त्यानं त्या डब्यात टाकायचं. वाईट आहे का? छे! लाख मोलाचा कायदा आहे!

पण एकदा काय झालं, यल्लाप्पा नावाच्या पैलवानाच्या पाठीवर फोड उठला. चांगला टपोरा! गेला डॉक्टरकडं. डॉक्टरनं गोळ्यांचं पाकीट दिलं, सांगितलं, "सगळ्या संपव." यल्लाप्पानं दोन दिवस खाल्ल्या. फोड बसला, दुखायचं थांबलं. आता उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं? तुम्ही काय करता? ...हसू नका, शेवटी तुमच्याकडंच येणार आहे मी! यल्लाप्पानं कायदा पाळला. गोळ्या डब्यात टाकल्या. बदामाच्या शेजारी!

मग दुसऱ्याला फोड आला. वस्ताद म्हणाला, "डब्यातल्या घे की रं दोन." तिसऱ्याला आला. "तू बी घे दोन." जो तो दोन-दोन खातोय, जो तो बरा होतोय, आणि वस्ताद मिशीवर हात फिरवतोय. "बघा! डॉक्टरला काय कळतंय? एकाच्या औषधात आख्खी तालीम बरी केली!"

आता मंडळी, जरा थांबा. त्या फोडात कोण होतं, त्याची ओळख करून घेऊ. जंतू! डोळ्याला दिसत नाही, पण घरचा पाहुणा असा की एकदा आला की जायचं नाव नाही. आणि त्यांचा संसार कसा वाढतो? बघायला जाणं नाही, पत्रिका नाही, बस्ता नाही, रुसलेल्या मामाची समजूत नाही! एक जंतू मधोमध फाटतो, दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. तुमचं दूध उतू जाईपर्यंत तिकडं नवी पिढी हजर! सकाळी एक असेल, तर रात्रीपर्यंत आपल्या जिल्ह्याच्या माणसांपेक्षा जास्त. खायला-प्यायला मिळालं पाहिजे, बस्स!

आणि एवढ्या लेकरांत सगळी सारखी निघतात का हो? तुमच्या घरात तरी निघाली का? एक लेकरू सर्दीनं आडवं होतं, दुसरं पावसात भिजून आलं तरी खदाखदा हसतं. तसाच त्या कोट्यवधीत एखादा निघतो चिवट. औषध आलं की आधी मरतात ते मऊ, लेचेपेचे. माणसाला वाटतं, जिंकलो! चिवट मात्र कोपऱ्यात तग धरून असतो. अजून चार गोळ्या पोटात गेल्या असत्या, तर तोही खपला असता आणि उरलेल्याचा समाचार अंगातल्या रक्तानंच घेतला असता. पण गोळ्या गेल्या डब्यात! मग मोकळं रान कुणाला? चिवटाला! आता जी प्रजा वाढते, ती सगळी त्याच्याच वळणाची.

यल्लाप्पाच्या अंगातले ते चिवट गडी टॉवेलवर बसून पुढच्या पैलवानाकडं गेले. तिथंही दोनच गोळ्या! तिथून तिसऱ्याकडं. वस्ताद वर पैलवान घडवत होता, मंडळी, आणि खाली, त्याच्याच हातानं, जंतूंची तालीम चालली होती!

आता येतो रणजित. वस्तादाचा पठ्ठ्या. बापाविना वाढलेलं पोर. त्याच्या आईनं, सुभद्राबाईनं, लहानपणी हाताला धरून आणला होता आणि म्हटलं होतं, "वस्ताद, माझ्याकडं दुसरं काय न्हाय. ह्यो तुमचा." वस्तादानं त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. आता ऐन उमेदीत आला होता. भैरोबाच्या जत्रेच्या मैदानात शेवटी लागणारी, सगळ्यात मानाची कुस्ती त्याची ठरली होती. आख्ख्या कुरणवाडीची छाती फुगलेली! आणि नेमका त्याच्या मांडीवर फोड उठला.

वस्ताद म्हणाला, "काय भ्यायचं न्हाय, डबा हाय!" दोन गोळ्या दिल्या. फोड हलला नाही. अजून दोन दिल्या. फोड मोठा झाला. तिसऱ्या दिवशी मांडी गुडघ्यापर्यंत सुजली, लाल झाली, अंगात फणफणून ताप भरला. पैलवान गडी, शंभर जोर मारून धाप न लागणारा, भिंत धरूनही उभा राहीना! सुभद्राबाई धावत आली. पोराच्या कपाळाला हात लावला आणि वस्तादाकडं नुसती बघत राहिली. वस्तादाला कुणी मैदानात आजवर पाडलं नव्हतं, पण त्या नजरेनं पाडलं. त्यानं गावातली जीप बोलावली, पोराला मांडीवर घेतलं आणि थेट जिल्ह्याचा दवाखाना गाठला.

तिथं कोण होतं? मुजावर डॉक्टरीणबाई! रुबीना. तिचा बाप दादू मुजावर याच हौद्यात, याच हिंदुरावाशी झोंबी खेळून मोठा झालेला. तिनं पाय पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "वस्ताद काका, विष रक्तात उतरायला लागलंय. पाय जाईल, कदाचित पोरगंही जाईल. आधी काय दिलंत?" वस्तादानं डब्याची सगळी हकीकत सांगितली. रुबीना रागावली नाही. तिनं फोड फोडून पू काढला, तपासायला पाठवला, आणि निकाल येईपर्यंत जोरदार इंजेक्शन चालू केलं. पण लागू पडेल की नाही, तिलाही खात्री नव्हती. ताप काही हटेना. वस्ताद दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. अन्न नाही, पाणी नाही. "मारुतीराया, माझी चूक माझ्या पदरात टाक, त्या माउलीच्या न्हाय!" एवढंच पुटपुटत होता.

निकाल आला तेव्हा रुबीनानं त्याला हाताला धरून तपासणीच्या खोलीत नेलं. टेबलावर झाकण लावलेली एक छोटी थाळी. आत खिरीच्या सायीसारखा पिवळसर थर.

"काका, ही सगळी रणजितच्या फोडातली प्रजा."

थरावर कागदाच्या बारीक गोल टिकल्या ठेवलेल्या. एकेका टिकलीत एकेक औषध. वस्तादानं डोळे बारीक केले. त्याच्या नजरेला एकदम काय दिसलं सांगू? मैदान! प्रत्येक टिकली म्हणजे शड्डू ठोकून उभा राहिलेला पैलवान!

"पोरी, ह्या टिकलीला तर समद्यांनी गराडा घातलाय. पार अंगाला भिडल्यात!"

"ते तुमच्या डब्यातलं औषध, काका."

"आन ह्याला त्ये भीत कसं न्हाईत?"

"त्याला आता हे मोजतच नाहीत. त्याच्यासमोर टिकणारेच तेवढे तुम्ही जगवलेत."

एका टिकलीपाशी तेच. पुढच्या टिकलीपाशी तेच. वस्तादाच्या कपाळाला घाम फुटला. आणि कडेला एक टिकली – मंडळी, ऐका! – तिच्या भोवती गोल, स्वच्छ, मोकळं रिंगण! एक जंतू फिरकलेला नाही! वस्ताद त्या खोलीत ओरडलाच, "ह्यो! ह्यो गडी! ह्याच्याभोवती मैदान साफ हाय! ह्योच उतरव, पोरी!"

रुबीना हसली. "तोच उतरवणार. पण काका, एक ऐका. हे जंतूसुद्धा तुमच्यासारखेच आहेत. वाटून खातात! ज्याला औषध चुकवायचा डाव सापडला, तो डाव शेजारच्या जंतूच्या हातात देतो. जात बघत नाही, घर बघत नाही. आज हा गडी आपल्याकडं आहे. यालाही अर्ध्यात सोडलं, तर याचा डावही त्यांना कळेल. मग मी कुठला पैलवान आणू?"

वस्ताद म्हणाला, "पाठ मातीला लागल्याशिवाय कुस्ती निकाली न्हाई. आख्खं आयुष्य पोरांना ह्येच शिकवलं. आन गोळीच्या बाबतीत गाढवावानी इसरलो!"

नवं औषध शिरेतून सुरू झालं. ताप उतरला! सूज ओसरली! रणजितनं उशीवर मान वळवून पहिला शब्द काढला – "वस्ताद, भूक लागलीया." सुभद्राबाई हुंदके देत हसली. वस्तादानं तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले, आणि बाहेर येऊन पहारेकऱ्याला उगाचच मिठी मारली!

संपली कथा? नाही हो! खरी कुस्ती आता!

रणजित घरी आला, त्याच औषधाच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन. जखम भरत आलेली, अंगात ताकद परतलेली. जत्रा तोंडावर. गोळ्या मात्र जत्रेनंतरही पुरतील एवढ्या बाकी! तालमीत बसला होता, तर यल्लाप्पा आला. मानेवर नवा फोड. "रणजा, तू तर बरा झालास. दे की दोन गोळ्या." रणजित काय, वस्तादाच्याच हाताखाली वाढलेला! पाकीट पुढं केलं. तेवढ्यात गर्जना झाली –

"हात काढ!"

वस्ताद! डोळे लाल! त्यानं पाकीट उचललं आणि रणजितच्या मुठीत दाबलं. "ह्या गोळ्या एकट्याच्या! यल्लाप्पा, तुला माझ्या हिश्श्याचं दूध देतो, तूप देतो, माझी भाकरी देतो. पण ह्यातली अर्धी बी गोळी न्हाय! चल, तुला आत्ताच्या आत्ता रुबीनाकडं नेतो. तुझं दुखणं तुझं, तुझं औषध तुझं!" आणि बदामाचा डबा उचलला, तळाच्या राहिलेल्या गोळ्या पुडीत बांधून डॉक्टरीणबाईच्या हवाली केल्या, आणि दोरीवरचा तो टॉवेल चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पैलवानाच्या नावाचा खिळा भिंतीत ठोकला आणि ज्याचा त्याचा टॉवेल टांगला!

जत्रा भरली. हलगी कडाडली. मानाच्या कुस्तीचा पुकारा झाला आणि कुरणवाडीचा रणजित मैदानात आला – अंगात सदरा घालून! लोक ओरडले, "भ्याला! वस्ताद भ्याला!" कुणी म्हणालं, "बांगड्या भरा!" वस्ताद मैदानाच्या मधोमध गेला, फेटा काढून हातात घेतला. "माझा पठ्ठ्या आज खेळत न्हाय. का? त्याची कुस्ती अजून चालू हाय, आत! एक कुस्ती अर्ध्यात टाकून दुसरी धरायला मी शिकवलं न्हाय. आन भरत आलेली जखम घेऊन दुसऱ्याच्या पोराच्या अंगाला अंग लावायला तर मुळीच शिकवलं न्हाय. काय हसायचं ते हसा!" हसले लोक. पोटभर हसले. वस्तादानं सगळं ऐकलं आणि फेटा पुन्हा बांधला.

आणि मग उजाडला शेवटच्या गोळीचा दिवस. वस्तादानं काय करावं? हलगीवाला बोलावला! सगळे पैलवान लंगोट लावून हौद्याभोवती उभे. सुभद्राबाई मारुतीसमोर. रणजितनं पाकिटातली शेवटची गोळी तळहातावर घेतली. वस्ताद ओरडला, "वाजीव रं!" हलगी कडाडली – दशरथबुवा, तुम्हीही वाजवा, असे बघत काय बसलात! – गोळी तोंडात, वर तांब्याभर पाणी, आणि गुलाल उधळला! जत्रेत हसलेली माणसं भिंतीवर चढून बघत होती. "हे काय, कुस्ती झाली का?" वस्ताद म्हणाला, "झाली! निकाली झाली! चितपट!"

पुढच्या जत्रेत त्याच मैदानात रणजितनं तीच मानाची कुस्ती मारली. घिस्सा डाव असा ओढला की समोरच्याची पाठ कधी लागली, त्याचं त्यालाच कळलं नाही! लोकांनी खांद्यावर घेतला. पण वस्तादाला विचारा, तुमची मोठी कुस्ती कोणती? तो आजही गोळीचीच सांगतो.

तर मंडळी, मिळालं उत्तर? पुण्य वाटा, पुरण वाटा, दुःखसुद्धा वाटून घ्या. पण औषध वाटलं, की औषध नाही वाटलं जात – शत्रूला डाव वाटला जातो! आणि तो शत्रू फक्त तुमच्या घरात बसत नाही, शेजारच्या पाळण्यापर्यंत जातो.

आता हसणारे कुठं गेले? वहिनी, तुमच्या फ्रिजवर तो बिस्किटाचा डबा आहे ना? त्यात अर्धं तुटलेलं पाकीट आहे ना? सूनबाईला साधी सर्दी झाली की त्यातलीच एक काढून देता ना? सर्दीशी त्या गोळीचं काही देणंघेणं नाही हो! आणि काका, तुम्ही! खांब सोडून पुढं आलात, फार बरं केलंत. डॉक्टरनं सांगितलेल्या गोळ्या दोन दिवसांत बंद करून, "आता बरं वाटतंय" असं गेल्याच आठवड्यात मला कोण म्हणालं? मान खाली घालू नका! घरी जा. डबा उघडा. उरलेल्या गोळ्या डॉक्टरला नाहीतर औषधवाल्याला नेऊन दाखवा. आणि पुढच्या खेपेला डॉक्टर सांगेल तेवढ्या, सांगेल तशा, ज्याच्या त्यानंच घ्या.

आणि शेवटची गोळी घ्याल, तेव्हा हलगीवाला नसेल तर मला बोलवा. मी टाळ घेऊन येतो! हात वर करा सगळ्यांनी. काका, दोन्ही हात! बोला – मारुतीरायाच्या साक्षीनं, धरलेली कुस्ती अर्ध्यात सोडणार नाही!