बाकावरची जागा

(संध्याकाळ. नट तालमीहून नुकताच घरी आला आहे. बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालते आहे.)

बायको : मग, सांगितलंत का तिला? नाटक सोडतो म्हणून?

नट : आधी बूट तर काढू देशील?

बायको : काढा की. सकाळी काय तावातावाने निघालात! आयुष्यभर नायकाची कामं केली, आता नऊ जणांच्या घोळक्यात मोठा काका होऊन कोपऱ्यात बसू का, म्हणे. मला ऐकवलंत तेच त्या दिग्दर्शिकेला ऐकवलंत ना?

नट : तालीम संपल्यावर ऐकवणार होतो.

बायको : होतो?

नट : ऐक तर. दुसरा अंक चालला होता. आत आजोबांचं ऑपरेशन, बाहेर इस्पितळाच्या व्हरांड्यात सगळं कुटुंब. मी आपला टोकाला फुगून बसलेलो.

बायको : भूमिकेत?

नट : नाही गं, खराखुरा. आणि ती गणिताची शिक्षिका आहे ना, धाकट्या सुनेचं काम करते ती, ऐन रडण्याच्या जागी अडकली. वाक्यच आठवेना.

बायको : आणि तुम्ही नेहमीसारखं खड्या आवाजात तिचं वाक्य म्हणून टाकलंत.

नट : ओठांवर आलं होतं. सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत मला. पण ती माझ्याकडेच बघत होती. घाबरून. वाक्य विसरली म्हणून नाही गं, मी ते म्हणून टाकीन म्हणून.

बायको : ... बरं. मग?

नट : उठलो. पिशवीतली पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून तिच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी बसलो. बोललो काहीच नाही.

बायको : तुम्ही? गप्प?

नट : कर, थट्टा कर. ती दोन घोट प्यायली आणि हमसून रडायला लागली. वाक्य आलं, पण असं आलं की माझ्या अंगावर काटा! मोठ्या जावेने सरकून जागा केली. पाठ फिरवून उभा असायचा तो भाऊ आपणहून येऊन टेकला. कुणी सांगितलं नव्हतं बरं का. एका बाकावर दाटीवाटीने आम्ही सगळे. इतकी वर्षं रंगमंचावर उभा राहिलो, पण शेजारच्याचा श्वास आज पहिल्यांदा ऐकला.

बायको : उशिरा का होईना. आणि दिग्दर्शिका?

नट : तिने मध्ये थांबवलंच नाही. अंक संपल्यावर म्हणाली, "काका, हे असंच ठेवूया?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, सुनेला विचार.

बायको : म्हणजे राजीनामा बारगळला.

नट : उद्या जरा लवकर बोलावलंय. बाकावर कोण कुठे बसायचं ते बघायला.

बायको : सुटले बाई! तुम्ही घरी बसला असतात तर माझंच दिग्दर्शन करत बसला असतात. या घड्यासुद्धा चुकल्या असत्या माझ्या.

नट : चुकल्यातच. ती बाही बघ.

बायको : बघा, झालं सुरू! ... पहिल्या प्रयोगाला पुढची खुर्ची ठेवायला सांगा हो माझ्यासाठी. नेहमीची.

नट : या खेपेला मागे बस.

बायको : का बरं?

नट : पुढून मी एकटाच दिसतो. मागून सगळा बाक दिसेल.