खोऱ्याचं मत

दवाखान्यात शिरल्यावर नेउसनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "शेवटचं कोण?" एका म्हातारीनं हात वर केला. म्हणजे तिच्यानंतर आपला नंबर. नेउस सुजलेला पाय सांभाळत बाकावर टेकली. म्हातारीची शेजारी बसलेल्या भाच्याशी हुज्जत चालली होती.

"बेर्त्रान, रविवारचं मतदान कशावर म्हणालास?"

"कातालुन्यानं स्पेनपासून वेगळं व्हायचं का, यावर, मावशी."

"माद्रिदला विचारलंत?"

"आपलं आपण ठरवायला माद्रिदला काय विचारायचं?"

"बरं. मग आपल्या आरान खोऱ्याला कातालुन्यात राहायचं नसेल तर?"

"तर खोरं वेगळं मत देईल. आपली भाषाच वेगळी आहे. हक्क आहे आपला."

"आणि आमच्या बाउसेन गावाला खोऱ्यात राहायचं नसेल तर?"

"अगं, साठ डोक्यांचं गाव! कुठंतरी थांबायला हवं की नाही?"

"माद्रिदवालेही हेच म्हणतात रे."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही."

"नको बोलूस. एवढंच सांग, खोऱ्याच्या मतदानात मत द्यायचा हक्क कुणाला?"

"इथल्या माणसांना. आणखी कुणाला?"

"मग या बाईंना?"

भाच्यानं नेउसकडे पाहिलं. "तुम्ही खालच्या ना? बार्सेलोनाच्या?"

"अकरा वर्षं झाली इथं. तुमच्या मुलीला मीच शिकवते."

"हो हो, बाई, ते आहेच..." तो हातातली टोपी फिरवत राहिला.

"अरे, मग आहे की नाही मत? बोल की!"

तेवढ्यात दार उघडून कुणीतरी आत डोकावलं. "शेवटचं कोण?"

नेउसनं हात वर केला.