उघड्या डोक्यांचं गाव

दोष सगळा आमच्या म्हाताऱ्याचा, पाहुणे. चारचौघांत आजोबा म्हणावं लागतं, तुमच्यापुढं कशाला? – ती करडी घालून बघा, लोकर चांगली आहे – तुम्ही विचारलंत ना, बोटीवरून उतरल्यापासून माझ्याशिवाय एकाच्याही डोक्यावर टोपी का दिसली नाही? मग ऐका. आमच्या नार्स्केन देशात गावातलं सगळ्यात वयस्क माणूस खाडीच्या काठावर येऊन टोपी घालत नाही, तोवर कुणी घालायची नाही. नाक गळू दे, भुवया गोठू दे. आणि टोपी नाही म्हणजे शेगडीही नाही – शाळेतसुद्धा. दौतीतली शाई दगड झालेली आणि मास्तर फळ्यापुढं कुडकुडत शिकवतायत काय, तर उष्णता. मी उठलो, दप्तर तिथंच टाकलं, निघून आलो. पोरगं वाया गेलं म्हणाले. गेलं तर गेलं. निदान टोप्या विकतो, आता एक डोक्यावरही असते – वाया गेलेल्याला गावात कोण मोजतं? आमची माणसंही घेतात हो, घेत नाहीत असं नाही – मागच्या दारानं, माशांच्या पिशवीत घालून.

तर आमच्या हेल्बीत सगळ्यात वयस्क कोण? आमचाच म्हातारा, हाल्विन. आणि खाडीपलीकडं, उस्ट्यात, ऑस्त्रा म्हातारी. ज्या गावात आधी टोपी चढली ते गाव वर्षभर ‘दक्षिणेकडचं’ – याहून घाण शिवी आमच्यात नाही. दोघं रोज सकाळी आपापल्या काठावर येऊन उभे, मध्ये गोठलेली खाडी, मागं अख्खं गाव उघड्या डोक्यानं. दोन वर्षांमागं तर कहर झाला. पाद्रीबाबांची दाढी दारात अडकली आणि टोक काडीसारखं मोडून पडलं. आई म्हाताऱ्यापुढं सारखी गयावया करत होती, बाबा, घाला आता टोपी. म्हातारा ढिम्म. काय ते केस, म्हणायचे लोक, या वयात काय दाट केस, थंडी शिरेल कुठून?

मी त्याच्या कोपराला धरून उभा असायचो, पाय घसरतो ना त्याचा. एक दिवस खाडीवरून असा बर्फाचा झोत आला की सगळ्यांनी डोळे मिटले – आणि म्हाताऱ्याचे केस उडून माझ्या छातीवर येऊन बसले. केसच, पाहुणे. गरम. आतून मेंढीच्या लोकरीचं दुहेरी अस्तर, टाके आमच्या आजीच्या हातचे – म्हणजे बघा किती वर्षांचा धंदा. मला काय, हात वर करून दाखवायचं होतं फक्त. त्याच मिनिटाला गावभर टोप्या चढल्या असत्या, शेगड्या पेटल्या असत्या, मास्तरसुद्धा माझ्या पाया पडले असते. याच म्हाताऱ्यानं शाळा सोडली म्हणून वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. दाखवायलाच पाहिजे होतं.

पण टक्कल होतं हो ते... गुलाबी, तान्ह्या पोरासारखं, एक निळी शीर उडत होती वर. तो माझ्याकडं बघत नव्हता, पलीकडं ऑस्त्राकडं बघत होता, ताठ. ठेवले केस परत त्याच्या डोक्यावर. आतला पट्टा तुटलेला, राहतात कुठं? मग धरून उभा राहिलो, दोन्ही हातांनी, अंधार पडेपर्यंत. गावाला वाटलं नातू आशीर्वाद देतोय की घेतोय – बायका रडल्या. माझे हात त्याच्या डोक्यावर, मग माझ्या कानांवर कुणाचे असणार?

तिन्हीसांजेला ऑस्त्रानं टोपी घातली. जिंकलो आम्ही. ढोल काय, माशाचं सार काय. मी दवाखान्यात, डावा कान गेला माझा. पट्ट्या सोडल्या तेव्हा म्हातारा पायाशी बसलेला. म्हणाला, “पोरा, दुसरा आहे ना अजून?”

हसा, हसा. मीही हसलो, तोच तर वैताग आहे. – अहो, तो बघा, आलाच काठावर, काठी टेकत. यंदाही उभा राहणार. जवळून जाल तेव्हा केस छान आहेत म्हणा, बाकी तोंड उघडू नका. करडी देऊ ना? ही? ही नको, ही माझी आहे, हिला एकाच बाजूला कानपट्टी शिवलीय. चुकून नाही. मला एक पुरते. चला, बोट भोंगा देतेय तुमची.

डावा कान गेला माझा.