गवत कापायचा दिवस

न्यू जर्सीतल्या स्टेशनवर गाडी लेट होती. निवृत्त इंजिनिअर चारुदत्तकाकांच्या शेजारी दोन विद्यार्थिनी मराठीत बोलत होत्या.

“तुझ्या थीसिसमधल्या त्या जुन्या आमदाराचं काय झालं, अदिती?”

“अठराशे सत्तरमध्ये त्यानं ब्लॅक मुलांच्या शाळेचं बिल आणलं. आणि मतदानाच्या दिवशी शेतावर गवत कापायला गेला. माझ्या एकट्याच्या मतानं काय होणार, म्हणाला.”

“मग?”

“एका मतासाठी पडलं, यार. पुढे आयुष्यभर, दर वर्षी त्या तारखेला डायरीत एकच शब्द. गैरहजर.”

“काल आपल्या टाउनच्या मतदानात शाळेचा ठरावही पडला ना?”

काकांनी वळून विचारलं, “किती मतांनी?”

“चार. आम्ही व्हिसावर, आम्हाला मत नाही. तुम्ही सिटिझन असाल ना, काका?”

“एकतीस वर्षं झाली.”

“मग दिलंत?”



“लॉन फार वाढलं होतं.”