मातीचे दहा नमुने

खरं सांगतो, त्या दिवशी मी नेमकं काय बरोबर केलं ते मला अजून कळलेलं नाही. कृषी पदवी घेऊन नुकताच नोकरीला लागलो होतो. साहेबांनी बजावलं, "पालमजवळच्या त्या गावातून संध्याकाळपर्यंत मातीचे दहा नमुने आण, तरच नोकरी पक्की."

पहिल्याच घरी रामराव काका म्हणाले, "बसा साहेब, चहा व्हायलाय." मी म्हटलं, "नको, वेळ नाही," आणि थेट माती परीक्षणाचे फायदे सांगायला लागलो. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आमचा चहा चालंना तुमाला, मंग आमची माती कशी चालंल?"

पुढच्या चार घरांतही नकार. बातमी माझ्याआधी पोचली होती.

शेवटी काकांकडे परतलो आणि मुकाट्यानं चहा मागितला. नंतर घरोघरी नुसता चहाच प्यायलो, मातीचं नावही काढलं नाही. संध्याकाळी लोकांनी आपणहून दहा पिशव्या भरून आणल्या!

साहेबांनी माझ्या अहवालावर शेरा मारला, "शेतकऱ्यांना विषय उत्तम समजावून सांगतो."

अरे, मी तोंड फक्त चहासाठी उघडलं होतं!