दोन बाटल्या ब्लीच

(सामोआतल्या एका गावात, स्वयंपाकाच्या खोपीत नवरा-बायको.)

मोएलांगी : अर्धी काडीपेटी संपवलीस, म्हाताऱ्या. गॅस येत नाही तर नाही. करवंट्या घाल आणि चूल पेटव.

आलापाती : परवापर्यंत फुरफुरत होता. पाच डुकरांची घाण रोज गॅसच्या टाकीत पडते, मग अडलं कुठं?

मोएलांगी : डुकरं तुझ्यावर गेली असतील. नुसती खाऊन लोळतात.

आलापाती : गोठ्यात डोकावून आलो. दवाखान्याचा वास येतोय तिथं.

मोएलांगी : येणारच. सोमवारी महिला समितीची तपासणी होती. मी अध्यक्षीण, माझ्याच गोठ्यात माश्या दिसल्या असत्या, तर समितीतल्या त्या लोसानं गावभर दवंडी पिटली असती. दोन बाटल्या ब्लीच ओतून घासलं.

आलापाती : आणि ते पाणी?

मोएलांगी : तुझ्या टाकीत. तूच म्हणतोस ना, गोठ्यातला एक थेंब ओढ्यात जाता कामा नये?

आलापाती : संपलं. टाकीतले सगळे मारलेस.

मोएलांगी : जंतूच ना? माझ्या नातीला आठवडाभर सलाइनवर ठेवलं त्यांनी. मला नाही त्याचं पाप लागायचं.

आलापाती : लुपेला छळणारे वेगळे. टाकीत हवा नसते, तिथं घाण खाऊन गॅस करणारे आपले असतात. त्यांचा जोर असला की त्या दुसऱ्यांचं काही चालत नाही. महिना-दीड महिन्यात बरेचसे मरतात. आता आपलेच गेले. रोजची घाण तशीच कच्ची बाहेर पडणार, आणि पाऊस झाला की पोरं डुंबतात त्या ओढ्याच्या डोहात.

मोएलांगी : हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं?

आलापाती : सांगत होतो. तू म्हणालीस, प्रवचन रविवारी चर्चमध्ये ऐकते तेवढं पुरे.

मोएलांगी : बरं, आता काय करायचं ते बोल.

आलापाती : थोडे दिवस टाकीत काही घालायचं नाही, घाण लांब खड्ड्यात पुरायची. मग चालू टाकीतली घाण चार बादल्या आणून ओतायची, पावाच्या पिठात यीस्ट घालतात तसं. गावात चालू टाकी एकच आहे.

मोएलांगी : लोसाची.

आलापाती : लोसाची. अध्यक्षीणबाईंनी तिच्या दारात उभं राहून म्हणायचं, बाई गं, थोडी घाण वाढ.

मोएलांगी : हस, पोट धरून हस. जाईन मी. बादल्यांचं काही नाही रे. शनिवारी लुपेची आई फिलोमेना पोरीला घेऊन येतेय. टाकी बसवली म्हणूनच कशीबशी तयार झाली ती. पाच महिने झाले लुपेला बघून. आल्या आल्या डोहाकडेच पळेल.

आलापाती : येऊ दे. मी राखतो तिला.

मोएलांगी : तू? तुझं डुकरंसुद्धा ऐकत नाहीत.

आलापाती : मग माझं नाव सांग. म्हाताऱ्यानं ब्लीच ओतलं म्हण.

मोएलांगी : कुणाला खरं वाटेल? चाळीस वर्षांत स्वतःचं ताट धुतलं नाहीस. दे तो फोन. माझ्या हातून चुकलं म्हणते, आणि पोरीला अजून दोन महिने तिकडेच ठेव म्हणते.